चार चौकटी, चार मुले

माथेरानला वरचेवर जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या कुटुंबांस तेथील पॉइंटांची नावे पाठ असतात. परंतु त्या पॉइंटांच्या कड्याखाली कोण राहते, हे त्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असते. या डोंगराच्या उतारांवर आणि पायथ्याशी, तसेच कर्जत आणि खालापूर या तालुक्यांच्या रानपट्ट्यांत, ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. वैशाखात करवंदांची आणि जांभळांची टोपली डोक्यावर घेऊन पाऊलवाटेने वर येणारी, आणि पानांच्या द्रोणांत ती फळे पाहुण्यांस विकणारी मुलगी याच वाड्यांतली. तिला आनुवंशिकतेचे शास्त्र शिकवावयाचे झाल्यास ते कसे शिकवावे, हा या लेखाचा विषय आहे. प्रथमदर्शनी तो शाळाखात्यापुरता वाटेल. पण मुलाच्या रक्तात जे आई-बापांकडून उतरते, त्यावर काही घरांत मुलाचे जगणे आणि मुलीचे लग्न या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचे गांभीर्य कळून येते.

हाच प्रश्न आफ्रिका खंडात फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आहे. आफ्रिकेतील लोकांच्या आनुवंशिक घडणीचा अभ्यास आफ्रिकेतच व्हावा, या हेतूने अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांनी २०१० साली एक मोठा उपक्रम जाहीर केला. संशोधन सुरू झाले, तेव्हा रक्त देणाऱ्या तरुणांस आपण काय देत आहोत आणि त्यातून काय शोधले जाणार आहे, हे समजावून सांगण्याची गरज पडली. ‘जनुक’ या अर्थाचा रूढ शब्दच जेथे नाही, तेथे पाठ्यपुस्तकातील आकृती काय कामाची? म्हणून बोत्स्वानासारख्या देशांत चित्रकथेचे माध्यम वापरून पाहण्यात आले. चित्रकथेला तेथे आधीपासून चांगले दिवस होते. केनियात २०१० साली ‘शुजाझ’ नावाचे तरुणांसाठीचे चित्रकथांचे नियतकालिक निघाले. त्याची भाषा शाळेतली स्वाहिली नव्हे, तर नैरोबीच्या रस्त्यांवर बोलली जाणारी ‘शेंग’. आणि त्याचा नायक आपल्या खोलीतून चोरून नभोवाणी केंद्र चालविणारा एक तरुण. नभोवाणीच्या श्रोत्यांस हा नायक आवडण्याजोगा आहे.

आफ्रिकेतील या खटपटीचे एक मुख्य कारण सिकलसेल हा रक्ताचा विकार होय. जगात दरवर्षी तीन लाखांहून अधिक बालके हा विकार घेऊन जन्मास येतात. त्यांपैकी बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेस जन्मतात, आणि अशा देशांच्या यादीत नायजेरिया व काँगो यांच्या जोडीने भारताचेही नाव घ्यावे लागते.

हा विकार आहे तरी काय? रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचिक असतात. केसाहून बारीक वाहिन्यांतूनही त्या अंग चोरून निघून जातात. त्यांत हीमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते आणि प्राणवायू वाहून नेण्याचे काम ते करते. या प्रथिनाच्या एका साखळीत १४६ घटक एकापुढे एक ओवलेले असतात. त्यांतला सहावा घटक बदलला, की हीमोग्लोबिनचा स्वभाव पालटतो. प्राणवायू सोडून दिल्यावर त्याचे कण एकमेकांस चिकटून लांब काड्या बनतात, आणि वाटोळी पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडे, सांधे, पोट यांत असह्य कळा उठतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही जेमतेम दहा-वीस दिवसांत मोडते, म्हणून अंगात रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे दिसतात. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटातून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील या वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी दोष हीमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखविले. एखाद्या रोगाचे मूळ रेणूपर्यंत नेऊन पोहोचविण्याचा तो पहिलाच प्रसंग. पुढे १९५२ साली हिंदुस्थानातही, निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत, हे लक्षण आढळून आले.

महाराष्ट्रात त्याचे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. नंदुरबारकडील भिल्ल आणि पावरा, गडचिरोलीकडील माडिया, विदर्भातील परधान अशा काही समाजांत शंभरांमागे वीस ते पस्तीस लोकांत हे लक्षण आढळल्याच्या नोंदी आहेत. सह्याद्रीच्या कोकणाकडील जमातींत ते पुष्कळच कमी. पण मुळीच नाही असे नव्हे, आणि कातकऱ्यांतही ते आढळले आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी, प्रत्येकास आपली आनुवंशिक स्थिती सांगणारे कार्ड, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असा तिचा संकल्प आहे. तपासणी करणे हे यंत्राचे काम आहे आणि ते होईलही. पण हातात पडलेल्या कार्डावर ‘वाहक’ हा शब्द वाचून, किंवा कोणाकडून वाचवून घेऊन, पंधरा वर्षांच्या मुलीने काय समजावे? चित्रकथेचे काम येथे सुरू होते.

आता ‘वाहक’ म्हणजे काय, हे सांगणे भाग आहे. हीमोग्लोबिन कसे घडवावे याची आज्ञा प्रत्येक माणसाजवळ दोन प्रतींत असते. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही प्रती सदोष असतील तर माणूस रुग्ण होतो. एकच सदोष असेल, तर दुसरी चांगली प्रत काम निभावून नेते. असा माणूस डोंगर चढतो, लावणी करतो, भारे वाहतो, त्याला सहसा कसलाच त्रास होत नाही. तो वाहक. त्याच्या अंगी रोग नाही, पण देण्याजोगी एक सदोष प्रत आहे. दोन वाहकांचे लग्न झाले तर होणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वाट्यास दोन्ही सदोष प्रती येण्याची शक्यता चारांत एक, एकच सदोष प्रत येण्याची चारांत दोन, आणि एकही न येण्याची चारांत एक.

हे वाक्य सोपे दिसते, आणि घात नेमका येथेच होतो. देशोदेशींच्या आरोग्यखात्यांच्या भित्तिपत्रकांवर एक चित्र नेमाने आढळते. वर आई आणि बाप, दोघांची शरीरे अर्धी एका रंगाची व अर्धी दुसऱ्या; खाली ओळीने चार मुले, एक पूर्ण तांबडे, दोन अर्धी तांबडी, एक पांढरे. शास्त्रदृष्ट्या त्यात चूक काढता येणार नाही. परंतु ज्याने आकृत्या वाचण्याचे शिक्षण घेतलेले नाही, तो ते चित्र जसे दिसते तसेच वाचतो. या जोडप्यास चार मुले झाली आणि त्यांतले एक आजारी निघाले, असा त्याचा अर्थ होतो. मग ज्या बाईचे पहिले मूल सिकलसेलने आजारी आहे, ती सहजच समजते, की आपल्या वाट्याचे दुःख भोगून झाले, आता पुढची तिघे सुखरूप. हा समज अडाण्यांचाच असतो असे मानण्याचे कारण नाही. चार वेळा छाप पडल्यावर पाचव्यांदा काटाच पडणार अशी पैज मारणारे पदवीधर हवे तितके सापडतील.

नभोवाणीवरून चित्र दाखविण्याची सोय नसल्यामुळे श्रोत्यांनी घरी करून पाहण्याजोगा एक खेळ येथे सांगणे बरे. दोन पिशव्या घ्याव्या. एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत एक वाल आणि एक चिंचोका टाकावा. वाल ही चांगली प्रत, चिंचोका ही सदोष. न पाहता प्रत्येक पिशवीतून एकेक दाणा काढावा आणि दोन्ही शेजारी ठेवावे. हे झाले पहिले मूल. त्याची नोंद कागदावर करून दोन्ही दाणे आपापल्या पिशवीत परत टाकावे आणि पिशव्या हलवून दुसऱ्या मुलासाठी पुन्हा हात घालावा. दाणे परत टाकणे हेच या खेळाचे मर्म होय. पहिल्या मुलास दोन चिंचोके मिळाले म्हणून पिशवीतले चिंचोके संपत नाहीत. दुसऱ्या मुलाच्या वेळी पिशव्या होत्या तशाच भरलेल्या असतात. घरातील मुलांनी चार-चार मुलांची शंभर कुटुंबे अशी काढली, तर हिशेबाप्रमाणे त्यांत सुमारे ३२ कुटुंबांत एकही रुग्ण निघणार नाही, सुमारे ४२ कुटुंबांत एक निघेल आणि उरलेल्या २६ कुटुंबांत दोन किंवा अधिक निघतील. अर्थात, भित्तिपत्रकावरील ते नीटनेटके ‘चारांत एक’ कुटुंब निम्म्याहूनही कमी वेळा आढळते!

चित्रकथेचे खरे सामर्थ्य या ठिकाणी उपयोगी पडते. भित्तिपत्रकावर सारी मुले एकाच वेळी उभी असतात. चित्रकथेत चौकटीमागून चौकट येते, म्हणजे काळ पुढे सरकतो. पहिल्या चौकटीत आई-बाप पिशव्यांत हात घालतात. दुसऱ्या चौकटीत पाळणा. तिसऱ्या चौकटीत दाणे परत पिशव्यांत, आणि चौथीत त्याच भरलेल्या पिशव्यांत पुन्हा तेच हात. वाचणारे मूल पान उलटते तेव्हा पुढे काय निघेल हे त्यालाही ठाऊक नसते. शक्यता ही गोष्ट शब्दांनी सांगून पटत नाही. ती प्रत्येक खेपेस नव्याने वाट पाहावयास लावून पटते. आणि कथा दोन-तीन प्रकारच्या शेवटांनी छापता आली, म्हणजे एका मुलाच्या प्रतीत दुसरे अपत्य निरोगी आणि शेजारच्याच्या प्रतीत आजारी, तर वर्गात जो वाद माजेल तो दहा व्याख्यानांहून अधिक शिकवील.

चौकटींची संख्या चारच का? याचे एक कारण आहे. लोकांनी स्वतःच काढावयाच्या चित्रकथांची एक पद्धत फिनलंडचे लाईफ पॅकालेन यांनी टांझानियासारख्या देशांत आणि शरद शर्मा यांनी भारतात रुजविली. २००७ साली या दोघांचे त्यावरील पुस्तकही प्रसिद्ध झाले. तीत दोन साधे कागद जोडून, त्यांवर चार चौकटींची एक गोष्ट काढून, तिच्या छायाप्रती गावातील भिंतींवर लावतात. काढणारा चित्रकार असण्याची अट नाही. स्वस्त, आटोपशीर आणि स्थानिक, असे तिचे तिन्ही गुण आहेत. पण आनुवंशिकतेच्या विषयात चार चौकटी आणि चार मुले यांची सांगड कोणाही नवख्यास मोह घालील, आणि तो मोह टाळावयास हवा.

महाराष्ट्रास ओळीने चित्रे दाखवून कथा सांगण्याची कला परकी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर लोक चित्रकथी म्हणून प्रसिद्ध आहेत. तीस ते पन्नास चित्रांची एक पोथी असते. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरतो आणि रामायण-महाभारतातील आख्यान गाऊन सांगतो. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. (पिंगुळीचे ठाकर आणि कर्जतकडील ठाकूर यांच्या नावांतील साम्यावरून दोघे एकच समजू नयेत.) चित्रकथीचे एक वैशिष्ट्य आजच्या चित्रकथाकारांनी विसरू नये. ती पोथी एकट्याने कोपऱ्यात बसून वाचण्यासाठी नसते. एक सांगतो आणि पुष्कळ ऐकतात. ज्या घरात वाचता येणारे एकच मूल आहे, तेथे कोणतेही छापील पुस्तक अखेर चित्रकथीच्याच रीतीने वाचले जाते. मूल मोठ्याने वाचते, आजी मधेच प्रश्न विचारते, आणि चित्राकडे बोट दाखवून उत्तर द्यावे लागते. म्हणून संवाद कानांस सोपे हवेत आणि चित्रे शब्दांवाचूनही बोलकी हवीत.

चित्रे कोणत्या शैलीत काढावी, याविषयी शहरांत एक आयते उत्तर तयार असते : वारली शैलीत. आदिवासी म्हटले की दोन त्रिकोणांचा माणूस, हे समीकरण अनेक पत्रकांवर रुळले आहे. वारली चित्रे सुंदर आहेत, यात संशय नाही. पण ती वारल्यांची. माथेरानच्या वाड्यांतील ठाकूर-कातकऱ्यांना ती आपली वाटावीत असा आग्रह कशासाठी? शिवाय त्या शैलीत चेहऱ्यावरचे भाव दाखविण्यास जागा नाही, आणि येथे तर वेदना, भीती, लाज हेच दाखवावयाचे आहे. तेथील ठाकूर गडी कमरेला आकडी बांधतो आणि तीत कोयता अडकवितो, ही खूण चित्रात एकदा आली की मुलांस माणूस ओळखीचा वाटतो. पण तोच विळा-कोयता रक्तवाहिनीत काढू नये, हेही तितकेच खरे. ‘विळ्यासारखी पेशी’ हे रूपक चित्रात उतरविले, की शरीरात खरोखरच लोखंडी विळा हिंडतो असा अर्थ लहान मूल घेणारच. त्यापेक्षा वाकलेली, अडकलेली पेशी पेशीसारखीच काढावी.

पेशी डोळ्यांना दिसत नाही, घोडा दिसतो. माथेरानात मोटारगाड्यांना बंदी असल्यामुळे घोडा हे तेथले वाहन, आणि तेथल्या पोरांस घोड्याच्या रंगाची पारख शिकवावी लागत नाही. अंगाने तांबडा परंतु आयाळ, शेपूट आणि पायांचे खालचे भाग काळे, असा घोडा जुने जाणकार कुमाईत म्हणून ओळखतात. आणि अंगावर काळ्याचा ठिपका नसलेला, आयाळही तांबूसच असलेला, तो सुरंग. दोन कुमाईतांच्या पोटी कधी कधी सुरंग शिंगरू निपजते, मात्र दोन सुरंगांच्या पोटी कुमाईत कधीच निपजत नाही. याचे कारण असे, की सुरंग होण्यास दोन्ही प्रती सुरंगाच्या लागतात. कुमाईताच्या अंगी एक सुरंगाची प्रत लपून असू शकते आणि ती वरून मुळीच दिसत नाही. वाहक कसा असतो हे समजण्यास याहून सोपा दाखला मिळणे कठीण. माथेरानच्या शाळेसाठी चित्रकथा निघाली तर तिची सुरुवात घोड्यापासून व्हावी. पण शेवट मात्र घोड्यापाशी होऊ नये. घोडी-घोडा निवडून जुळविण्याची भाषा एकदा कथेत शिरली, की ती मुलीच्या लग्नाच्या चौकटीपर्यंत जाऊन पोहोचते. माणसांच्या गोष्टीत पाऊल टाकताना घोडा बाहेर बांधून ठेवावा.

आपल्या भाषेतच काही अडचणी दडून बसल्या आहेत. ‘खाण तशी माती’ ही म्हण प्रत्येकाच्या तोंडी आहे. ती ऐकून ऐकून मूल आजारी झाले की खाणीचा, म्हणजे आईचा, दोष धरण्याची सवय लागते. जुन्या शास्त्रकारांनी बाप म्हणजे बीज व आई म्हणजे क्षेत्र अशी विभागणी केली होती; तीत श्रेय बीजास आणि दूषण क्षेत्रास, असा न्याय सोयीने चालतो. दोन पिशव्यांचे चित्र या दोन्ही समजुतींस एकदम उत्तर देते. दोघांच्या पिशव्या सारख्याच, दोघांनी एकेकच दाणा दिला आणि कोणीही तो निवडून दिला नाही. आजारी मुलाच्या अंगी दोन चिंचोके असतील तर त्यांतला एक बापाकडून आलेला असलाच पाहिजे. सासरी बोलणी खाणाऱ्या सुनेच्या दृष्टीने चित्रकथेतील सर्वांत मोलाची चौकट ही होय.

दुसरी अडचण अशी, की चित्रकथा वाडीत शिरण्यापूर्वी तेथे दुसरी कथा नांदत असते. नायजेरियात योरुबा लोक ‘अबिकू’ आणि इग्बो लोक ‘ओग्बांजे’ म्हणतात, ते मूल पुन्हा पुन्हा जन्म घेऊन आईस चटका लावून जाणारे असे मानले जाते. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ सालच्या कादंबरीत अशी एक मुलगी आहे. एकाच आईची मुले एकामागून एक दगावण्याच्या या कथेमागे पुष्कळदा सिकलसेल असावा, असे काही डॉक्टरांनी सुचविले आहे. आपल्याकडेही वारंवार कळा येणाऱ्या मुलास बाहेरची बाधा झाली म्हणून भगताकडे नेतात. चित्रकथेने भगताची टिंगल केली तर ती शहरात वाहवा मिळवील आणि वाडीत बंद पडेल. आई भगताकडे जाते, कारण मूल रात्रभर ओरडत असते आणि रात्री दाराशी येणारा तोच एक असतो. कथेत भगत असावा, आणि त्यानेच मुलाच्या पिवळ्या डोळ्यांकडे पाहून आशाताईला हाक मारावी. असे घडणे अशक्य नाही आणि कथेस ते शोभतेही.

सर्वांत नाजूक चौकट लग्नाची. नायजेरियात आपल्या रक्ताची अक्षरे ठाऊक असणे तरुणांत इतके रूढ झाले आहे, की ओळख वाढण्याआधीच ती विचारली जातात, आणि अनेक चर्चांत ती पाहिल्यावाचून लग्न लावीत नाहीत. यातून पुष्कळ आजार टळले असतील. पुष्कळ मनेही मोडली. आपल्याकडे धोका थोडा निराळा आहे. कार्डावर ‘वाहक’ असलेल्या मुलीस ‘रोगी’ ठरवून सर्वच स्थळांकडून नकार यावा आणि वाहक मुलाचे कार्ड मात्र पेटीच्या तळाशी राहावे, हे घडण्यास फारसा वेळ लागणार नाही. शास्त्र असे मुळीच सांगत नाही. वाहक मुलीने वाहक नसलेल्या मुलाशी लग्न केले तर त्यांचे एकही मूल सिकलसेलचे रुग्ण होणार नाही. फार तर प्रत्येक मुलाच्या अंगी आईसारखीच एक लपलेली प्रत येण्याची शक्यता दोहोंत एक असते. तेव्हा विचार करावयाचा तो जोडीचा, एकट्या मुलीचा नव्हे. आणि दोन वाहकांचे लग्न आधीच झाले असेल, तर त्यांना गर्भावस्थेत तपासणी करून घेता येते; मूल रुग्ण निघालेच तर जन्मतःच निदान, लसी, जंतुसंसर्गापासून जपणूक आणि हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे यांच्या बळावर त्याचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते. हे न सांगता नुसते ‘वाहकांनी वाहकांशी लग्न करू नये’ एवढेच वाक्य चित्राखाली छापले, तर ज्यांचे लग्न होऊन गेले आहे त्यांच्या पदरी केवळ अपराधाची भावना पडते.

‘हे आमच्याच लोकांत का?’ असा प्रश्न एखादे धीट मूल विचारील, आणि त्यास उत्तर मिळाले नाही तर ते स्वतःच काढील, की आमचे रक्तच हलके. खरे उत्तर उलट आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले, की सिकलसेलच्या वाहकास तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. ज्या रानांत हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या मुले नेली, तेथे एक सदोष प्रत अंगी असलेली मुले अधिक वाचली आणि ती प्रत पुढील पिढ्यांत टिकून राहिली. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ आणि हिंदुस्थानातील रानपट्टे यांत हे लक्षण आढळते, ते याच कारणाने. दोन प्रती असलेल्या रुग्णास मात्र हे संरक्षण उपयोगी पडत नाही. हिवताप त्याला अधिकच घातक ठरतो. पणजोबांच्या काळच्या हिवतापाची एक चौकट कथेत घातली, तर वाहक मुलास आपण रानातून तगून आलेल्या माणसांचा वंशज आहोत हे कळेल. शरमेवर यापेक्षा चांगले औषध दुसरे नाही.

अशी चित्रकथा मुंबईत बसून लिहून माथेरानला पाठवावी, की वाडीतील मुलांकडूनच काढून घ्यावी? दोन्ही एकट्याने पुरत नाहीत. हीमोग्लोबिनचा सहावा घटक मुलांस ठाऊक नसणार. आणि कातकरी घरात सून सासऱ्यासमोर कोणत्या शब्दांत बोलते, हे मुंबईस ठाऊक नसणार. कातकऱ्यांची बोली पुस्तकी मराठीहून निराळी आहे. शास्त्रीय संज्ञा मराठीत ठेवून संवाद बोलीत आणले, तर पुस्तक परके वाटत नाही. वाड्यांत शिक्षण नेण्याची कल्पनाही या भागास नवी नाही. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानातच जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी वकिलीची सनद जवळ असूनही कर्जत तालुक्यातील खेड्यापाड्यांत शाळा सुरू केल्या, धान्यकोठ्या उघडल्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते पोलिसांच्या गोळीस बळी पडले. त्यांच्या शाळांच्या वेळी चित्रकथा नव्हत्या, पण शाळेने मुलाकडे चालत जावे ही गोष्ट त्यांनी करून दाखविली होती.

ती गोष्ट कातकऱ्यांच्या बाबतीत अजूनही अवघड आहे. दिवाळी आटोपली की पुष्कळ कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर कामास निघून जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेतील तक्ता भिंतीवर राहतो. पडद्यावरचे चित्र विजेवाचून दिसत नाही. आणि भिंतीवर लावलेला कागद त्या डोंगराच्या पावसात आषाढही काढीत नाही. सोळा पानांची चित्रकथा मात्र गाठोड्यात मावते. ती दिवाळीपूर्वी, कुटुंबे वाडीत असतानाच, मुलांच्या हातात पडली पाहिजे. कारण होळीनंतर सोयरिकी जुळू लागतात, त्या वेळी निम्मी वाडी भट्टीवर असते.